उत्क्रांतीचा वगळलेला पाठ : धार-देवासच्या संदर्भात काही विचार

प्रास्ताविक

पाठ्यपुस्तकातून एखादे प्रकरण गळाले तर त्याची दखल प्रश्नपत्रिका काढणारे आणि गाईड छापणारे यांच्याखेरीज सहसा कोणी घेत नाही. २०२३ साली मात्र तसे झाले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, दहावीच्या विज्ञान पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे प्रकरण होते. नव्या छपाईत त्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. डार्विनचा परिचय, जीवाश्म, नव्या जाती कशा निर्माण होतात, मानवाची उत्क्रांती हा सगळा भाग गेला. नववीतील सजीवांच्या विविधतेचे प्रकरणही गेले. करोनाच्या काळात विद्यार्थ्यांवरचा भार हलका करण्यासाठी म्हणून जे बाजूला ठेवले होते ते पुढे कायमचेच वगळले गेले. एप्रिल २०२३ मध्ये देशभरातील १८०० हून अधिक वैज्ञानिक, अध्यापक व विज्ञानप्रेमी नागरिकांनी एका खुल्या पत्रावर सह्या करून यास हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे स्वतंत्र प्रकरण आहेच, असे त्यावरचे अधिकृत उत्तर होते.

हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. बारावीला जीवशास्त्र घेतो कोण? कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घेत नाहीत, गणित घेणारे बहुतेक घेत नाहीत, आणि दहावीनंतर शिक्षण सोडून कामाला लागणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. आपल्या कम्युनिटी कॉलेजात जी मुले-मुली येतात ती बव्हंशी याच वर्गातली. कोणी रुग्णसेवेचा अभ्यासक्रम करते, कोणी शेतीपूरक व्यवसायाचा, कोणी शिवणकाम किंवा संगणक शिकते. सजीवसृष्टी आजच्या रूपाला कशी आली याविषयी विज्ञान काय म्हणते, हे ऐकण्याची त्यांची एकच संधी दहावीत होती. ती हुकली तर ती भरून काढणारा शेवटचा अध्यापक म्हणजे आपण. प्रस्तुत लेखक भाषा शिकवतो, जीवशास्त्र नव्हे. तरीही या विषयाला हात घालण्याचे कारण हेच आहे. दुसरेही एक कारण आहे. या वादाचा बराचसा गुंता भाषेत आहे, असे माझे मत आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

एक घर, दोन पुस्तके

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये होती. १९४८ मध्ये ही सर्व संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. परंतु पवारांबरोबर माळव्यात आलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. घरात मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी असा त्यांचा व्यवहार. मुसलमान घरांत त्यात उर्दूची भर पडते. अशा कुटुंबांचे नातलग पुणे, सोलापूर, मालेगाव असे पसरलेले असतात.

आता एकाच खानदानातील दोन मुले डोळ्यांपुढे आणावीत. महाराष्ट्रातील मुलाच्या हाती बालभारतीचे २०१८ चे दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ हे पुस्तक आले. त्यातील पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. अवशेषांगे, जीवाश्म, संयोजक दुवे, डार्विन, लॅमार्क, मानवाची वाटचाल हे सारे त्यात आहे. धारच्या मुलाच्या हाती एनसीईआरटीचे पुस्तक, कारण मध्य प्रदेश मंडळाने विज्ञानासाठी तीच पुस्तके स्वीकारलेली. २०२३ नंतर त्याला यातले काहीच मिळाले नाही. गंमत अशी की, ज्याच्या पुस्तकातून जीवाश्म गेले त्याच्याच जिल्ह्यात जीवाश्मांचे भांडार आहे. त्याकडे वळण्यापूर्वी मूळ वाद समजून घेणे आवश्यक आहे.

वाद कोणाचा, कोठला

‘उत्क्रांती की निर्मिती’ हा वाद शाळेच्या दारात प्रथम गाजला तो अमेरिकेत. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी स्कोप्स नावाच्या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला व त्यास १०० डॉलर दंड ठोठावण्यात आला. पुढे पारडे फिरले. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, उत्क्रांतीच्या जोडीला निर्मितीवादही शिकवलाच पाहिजे असा लुईझियाना राज्याचा कायदा रद्द केला, आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हानियातील डोव्हर येथील खटल्यात निर्मितीवादाचे नवे रूप विज्ञान नव्हे असा निकाल लागला. त्या वादाच्या मुळाशी बायबलमधील वंशावळींवरून केलेली कालगणना होती. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी सृष्टीच्या आरंभाचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ असे काढले होते. पृथ्वी अवघी सहा हजार वर्षांची मानली की खडक, जीवाश्म, तारे यांपैकी कशाचाच मेळ बसत नाही. मग भांडण अटळ होते.

मुसलमानांपुढे ही अडचण मुळात नव्हती. कुरआनात पृथ्वीचे वय वर्षांत सांगितलेले नाही. सृष्टीच्या सहा ‘दिवसां’चा उल्लेख येतो, परंतु अन्यत्र एका दिवसाची तुलना हजार वर्षांशी आणि पन्नास हजार वर्षांशीही केलेली आहे, आणि ‘यौम’ या शब्दाचा अर्थ दीर्घ कालखंड असा घेणारे भाष्यकार आहेत. खरा प्रश्न उभा राहतो तो हजरत आदम यांच्या निर्मितीपाशी. त्यावर मुसलमान विचारवंतांत एकमत नाही. काही जण सारी उत्क्रांती ईश्वरी नियमाचा भाग मानतात, काही जण इतर सजीवांबाबत ती मान्य करून मानवाला अपवाद ठरवतात, काही जण ती संपूर्ण नाकारतात. वर्गातल्या मुलांनाही हे माहीत असावे, कारण त्यांना बहुधा तिसरे मतच एकमेव इस्लामी मत म्हणून सांगितले गेलेले असते.

तिसरे मत एवढे पसरले कसे, याचा इतिहास उद्बोधक आहे. तुर्कस्तानात १९८५ च्या सुमारास शिक्षणमंत्र्यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील ख्रिस्ती निर्मितीवादी संस्थेचे साहित्य भाषांतरित करून घेण्यात आले आणि शालेय पुस्तकांत निर्मितीवाद शिरला. पुढे ‘हारून याह्या’ या नावाने लिहिणाऱ्या अदनान ओक्तार यांनी त्याच युक्तिवादांना गुळगुळीत कागद आणि रंगीत चित्रे चढवली. २००७ च्या सुमारास त्यांचा भलाथोरला चित्रसंग्रह युरोपातील शाळांना फुकट वाटला गेला. त्यांच्या पुस्तकांची इंग्रजी आणि उर्दू रूपे आपल्याकडेही फिरली. अनेक ग्रंथालयांत ती अजून असतील. इस्तंबूलच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या गृहस्थांना अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी आठ हजारांहून अधिक वर्षांची शिक्षा सुनावली. लेखकाच्या चारित्र्यावरून युक्तिवाद खोटा ठरत नाही, हे खरे. पण आपण ज्याला खास आपले समजतो ते दुसऱ्याच्या घरचे उसने भांडण आहे, एवढे तरी यातून कळावे.

भारतात ‘दोन्ही बाजू शिकवा’ अशी कायदेशीर लढाई अमेरिकेसारखी झाली नाही. येथे वाद अधूनमधून भाषणातून उसळतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भरलेल्या वैदिक संमेलनाच्या निमित्ताने केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे असे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो खोडला. त्या वेळचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही सहकाऱ्यास अशी विधाने टाळण्यास सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये डार्विन आणि आइन्स्टाइन दोघांनाही चूक ठरवू पाहणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेण्यास नकार दिला. म्हणजे व्यासपीठावर आणि न्यायालयात हा पाठ टिकला. पुस्तकातून तो गेला तो वादामुळे नव्हे तर ‘भार कमी करणे’ या निरुपद्रवी शब्दांखाली. २०१७ मध्ये तुर्कस्तानने शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढली तेव्हाही, हा विषय मुलांच्या आवाक्याबाहेरचा आहे असेच सांगण्यात आले होते.

पूर्वजांच्या नावे किती दावा करावा

अशा वेळी एक मोह होतो. ‘हे तर आमच्याकडे आधीच सांगितले आहे’ असे म्हणून मोकळे व्हावे. जालंधर येथे २०१९ साली झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतारात डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगितले होते. आपल्याकडे तोच सूर अल-जाहिज आणि इब्न खल्दून यांच्या नावाने लावला जातो.

या दोघांची थोरवी मोठीच आहे. बसऱ्याच्या अल-जाहिजने नवव्या शतकात ‘किताबुल हैवान’ हा प्राण्यांवरील प्रचंड ग्रंथ लिहिला. कोण कोणाला खातो, कोण कोणापासून लपतो, जगण्यासाठी प्राणी काय काय करतात याची निरीक्षणे त्यात आहेत. १३७७ साली इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’ लिहिताना खनिजे, वनस्पती, प्राणी आणि मानव अशी चढती साखळी मांडली आणि माकडांचे जग मानवाच्या अगदी खालच्या पायरीवर ठेवले. काही छापील प्रतींत येथे ‘किरदा’ म्हणजे माकडे या शब्दाऐवजी ‘कुदरा’ म्हणजे सामर्थ्य असे छापले गेले. अरबी लिपीत दोन अक्षरांची अदलाबदल एवढाच फरक! पण यातील कोणीही वारशाने उतरणारे लहान फरक आणि त्यांतून होणारी निवड अशी यंत्रणा मांडली नव्हती. साखळी म्हणजे वंशवृक्ष नव्हे. पूर्वजांचा आदर करण्यासाठी त्यांच्या तोंडी न बोललेले वाक्य घालण्याची गरज नाही.

विरोधाचा इतिहासही आपल्या जवळचाच आहे. जमालुद्दीन अफगाणी १८८० च्या सुमारास हैदराबाद दख्खनमध्ये राहत होते. त्यांनी सर सय्यद यांच्या ‘नेचरी’ पंथाच्या खंडनार्थ तेथे फारसीत एक पुस्तिका लिहिली आणि तीत डार्विनचीही थट्टा केली. अरब आणि यहुदी हजारो वर्षे सुंता करीत आले आहेत; मग त्यांच्यात सुंता झालेलीच मुले का जन्मत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटतो. परंतु हा बाण लागतो तो, आयुष्यात कमावलेले किंवा गमावलेले गुण संततीत उतरतात या कल्पनेला. डार्विनच्या निवडीच्या सिद्धांताला ती कल्पना लागत नाही. त्याच दशकात जर्मनीत वाइसमान यांनी पिढ्यान् पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून हाच निष्कर्ष काढला, की तुटलेली शेपटी वारशाने जात नाही. अफगाणींनी जे खोडले ते विज्ञानानेही टाकून दिले. निवडीचा सिद्धांत मात्र राहिला.

शब्दांचा घोळ

आता भाषेकडे वळू. मराठीत ‘उत्क्रांती’ म्हणतात. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘क्रम’ म्हणजे पाऊल टाकणे. उर्दूत ‘इर्तिका’, त्याचाही अर्थ वर चढणे. हिंदीत ‘जैव विकास’, आणि ‘विकास’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे रस्ते, वीज आणि निवडणुकीची सभा येते. तिन्ही शब्दांत शिडी दडलेली आहे. खालच्या पायरीवर बेडूक, वरच्या पायरीवर माणूस. मग विद्यार्थी विचारतो, ‘सर, मग आज माकडांची माणसे का होत नाहीत?’ शिडीच्या चित्रातून हा प्रश्न अगदी रास्त आहे. डार्विनने काढलेले चित्र मात्र फांद्या फुटणाऱ्या झाडाचे होते. आजचे माकड हे आपले आजोबा नव्हे, दूरचे चुलतभाऊ. धारचे पवार आणि देवासचे पवार एकाच मूळ घराण्याच्या शाखा. म्हणून ‘देवासकर अजून धारकर का झाले नाहीत?’ असे कोणी विचारत नाही. वर्गात हे उदाहरण लगेच पोचते.

दुसरा घोळ ‘थिअरी’चा. उर्दूत तिला ‘नजरिया’ म्हणतात, आणि नजरिया म्हणजे रोजच्या बोलण्यात दृष्टिकोन. तुमचा नजरिया वेगळा, माझा वेगळा! हिंदीतला ‘विकासवाद’ तर समाजवाद, भांडवलवाद यांच्या पंक्तीत जाऊन बसतो, जणू तो एक पक्ष आहे. मराठीतला ‘सिद्धांत’ त्या मानाने बरा. विज्ञानात हा शब्द भरपूर पुराव्यांवर उभ्या असलेल्या आणि पुन्हा पुन्हा तपासलेल्या स्पष्टीकरणासाठी वापरतात, हे एकदा स्पष्ट केले की निम्मी वादावादी थांबते.

तिसरा शब्द ‘नैसर्गिक निवड’, उर्दूत ‘कुदरती इंतिखाब’. निवड आली की निवडणारा आला, आणि ‘कुदरत’ शब्दाचा तर मूळ अर्थच ईश्वरी सामर्थ्याकडे बोट दाखवतो. श्रद्धावान विद्यार्थ्याला यात आपली श्रद्धा दिसते, अश्रद्धाला तिचा नकार दिसतो. वस्तुतः शब्द दोन्हींविषयी मौन आहे. चाळणीतून गहू पाखडावा तसे परिस्थिती काही जीवांना राहू देते, काहींना नाही. एवढेच तो सांगतो. चाळणी कोणी केली हा प्रश्न दीनियातच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या तासाचा आहे, आणि तेथे तो जरूर विचारावा.

बागचे दगड

धार जिल्ह्यातील बाग हे गाव भित्तिचित्रांच्या लेण्यांसाठी आणि छापील कापडासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या आसपासचे खडक हे भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने खुले पुस्तक आहे. या भागातील चुनखडीच्या थरांत शिंपले, समुद्री साळी (म्हणजे काटेरी गोल कवचाचे सागरी जीव) आणि शार्क माशांचे दात सापडतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या आजच्या खोऱ्यात समुद्राचा एक फाटा शिरला होता, त्याच्या या खुणा. त्याच्या वरच्या लामेटा नावाच्या थरात समुद्र नाही. तेथे डायनासोरची अंडी आहेत. आणि त्याच्याही वर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. हाच कातळ सह्याद्रीत आहे, दौलताबादच्या किल्ल्यात आहे, आणि तो झिजून झालेली काळी माती देवासच्या शेतात आहे.

हा क्रम हीच पुराव्यातील मोठी गोष्ट. अंड्यांच्या थरात गाय, घोडा, माणूस यांचे हाड सापडत नाही. जगात कोठेही हा क्रम उलटा झालेला नाही. पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही म्हणून नाकारावे, तर मग पायाखालच्या दगडाची साक्ष कोणी ऐकायची?

जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही अंडी टायटॅनोसोर या लांब मानेच्या, शाकाहारी महाकाय प्राण्यांची. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत धार जिल्ह्यातील एक शाळाशिक्षक विशाल वर्मा यांचेही नाव आहे. आपल्यासारखा खडू हातात घेणारा माणूस सुटीच्या दिवशी रानात हिंडून जागतिक संशोधनात नाव लावतो, याचा अभिमान वाटतो. त्याआधी, जून २०२२ मध्ये, पाडल्या गावाजवळच्या घरट्यातील एका विलक्षण अंड्याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. त्या अंड्यात आणखी एक अंडे होते. कोंबडीच्या बाबतीत असे क्वचित घडते. अंडे बाहेर पडण्याऐवजी मागे सरकते आणि त्यावर दुसरे कवच चढते. सरपटणाऱ्या प्राण्यांत असे आढळल्याची नोंद नव्हती. म्हणजे या महाकाय प्राण्याच्या शरीरात अंडे घडण्याची रीत काही बाबतींत पक्ष्यांसारखी होती. टायटॅनोसोर हा कोंबडीचा आजोबा नव्हे. पण दोघांच्या वंशफांद्या मागे कोठेतरी एकत्र येतात. घरी कोंबड्या पाळणाऱ्या विद्यार्थिनीला हे सांगून पाहावे.

याच पाडल्याची दुसरी हकीकत डिसेंबर २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली. गावकरी शेतात सापडलेल्या गोल दगडांची ‘काकर भैरव’ म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजा करीत होते. हा देव शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करतो अशी त्यांची श्रद्धा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा ते दगड म्हणजे टायटॅनोसोरची अंडी असल्याचे निघाले. काही वृत्तपत्रांनी ही बातमी हसण्याच्या सुरात दिली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. त्या लोकांनी हे दगड साधे नाहीत हे ओळखले आणि जपून ठेवले. जे जपले नाहीत ते इतरत्र नांगराखाली किंवा खाणीत फुटून गेले. दगड किती जुना आणि कोणत्या प्राण्याचा, हे भूविज्ञान सांगेल. तो कोणासाठी पवित्र असावा, हे सांगण्याचे साधन भूविज्ञानाजवळ नाही.

देवास जिल्ह्याची दक्षिण सीमा नेमावरपाशी नर्मदेला टेकते. तेथून नदीच्या उगमाच्या दिशेने वर गेले की सिहोर जिल्ह्यात हथनोरा लागते. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना तेथे मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. ‘नर्मदा मानव’ या नावाने तो ओळखला जातो. कवटी आपल्या आजच्या कवटीसारखी नाही. तिचे वय किती आणि तिला कोणत्या मानवजातीत घालावे यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. हे मतभेद विद्यार्थ्यांपासून लपवू नयेत. उत्क्रांती झाली की नाही यावर तो वाद नाही. ती कोणत्या वाटेने झाली यावर आहे.

कापसाच्या बोंडात

कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी ज्यांना दूरच्या वाटतात त्यांच्यासाठी मनावर-कुक्षीकडचा कापूस जवळचा आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या झाडाच्या अंगातच बोंडअळीला मारणारे विष असते. २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी या विषाला दाद देईनाशी झाली आहे. पुढे दोन विषे असलेले वाणही तिने निष्प्रभ केले, आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने हाहाकार उडवला.

आपण सहज म्हणतो की ‘अळीने प्रतिकारशक्ती कमावली’. येथेही भाषा फसवते. कोणत्याही एका अळीने काही कमावले नाही. लाखो अळ्यांत मोजक्या अशा होत्या की ज्यांच्या आतड्यातील एक प्रथिन जन्मतःच थोडे वेगळे होते. विष तेथे चिकटेना. बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांची पिल्ले त्यांच्यासारखीच निघाली. काही वर्षांत रान त्यांचेच झाले. विषाने अळीला शिकवले नाही, फक्त चाळले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई ते यासाठीच. त्या साध्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा प्रतिकारक अळ्यांशी संकर व्हावा आणि प्रतिकार सौम्य राहावा, असा त्यामागे हिशेब होता. बहुतेक शेतकऱ्यांनी ते छोटे पाकीट बांधावर टाकून दिले, कारण ते कशासाठी आहे हे त्यांना कोणी नीट सांगितलेच नाही. ‘डार्विन’ हे नाव न घेताही हे सांगता आले असते; पण निवडीची कल्पना नसताना ते पटवणे कठीण होते.

रुग्णसेवेच्या वर्गात क्षयरोगाचे उदाहरण घ्यावे. एकाच वेळी तीन-चार औषधे का देतात? एका औषधाला दाद न देणारा जंतू असण्याची शक्यता थोडी, सर्वांना एकदम दाद न देणारा असण्याची नगण्य. आणि बरे वाटताच औषध सोडले तर जे उरतात ते चिवट. ज्या मुलीला हे कळले ती रुग्णाला ‘डोस पूर्ण करा’ असे नुसते सांगणार नाही, का ते समजावूनही देईल. तिच्यासाठी वगळलेला पाठ हा परीक्षेच्या गुणांचा प्रश्न नसतो.

वर्गात काय करावे

विज्ञानाच्या तासाला निर्मितीच्या धार्मिक कथेस समान वेळ द्यावा काय? माझ्या मते देऊ नये. ती कथा कमी दर्जाची म्हणून नव्हे, तर तिची कसोटी वेगळी म्हणून. धर्मवचन प्रयोगशाळेत तपासायला घेतले की उद्या प्रयोग बदलला तर वचनही डळमळले असे मुलांना वाटेल; यात नुकसान श्रद्धेचेच आहे. शिवाय कोणाची कथा सांगणार? आपल्या वर्गात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती आणि भिल्ल-भिलाला अशी सारीच मुले बसतात. पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. आणि ५१-क हे कलम वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे नागरिकाचे कर्तव्य मानते.

पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करणे हाही उपाय नव्हे. ‘तू हे मानतोस का?’ असे आपण विचारूच नये. ‘हे म्हणणाऱ्यांचा पुरावा कोणता, आणि तो तू कसा तपासशील?’ असे विचारावे. समजणे आणि मानणे यांत अंतर आहे. आपले उर्दूचे विद्यार्थी दुसऱ्या धर्माचे काव्य उत्तम समजून घेतात. त्यासाठी त्यांना धर्म सोडावा लागत नाही.

प्रश्नापासून सुरुवात करण्याची ही रीत माळव्याला परकी नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी स्वतः करून पाहायचे, उत्तर पुस्तकात शोधायचे नाही, अशी ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांची पद्धत होती. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो इतर जिल्ह्यांत नेला. देवासलाही तिचे केंद्र होते. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तरी त्यात तयार झालेले, आता निवृत्त झालेले शिक्षक देवासकडे भेटतात. त्यांना एक दिवस आपल्या कॉलेजात बोलावणे फारसे अवघड नाही.

बागला सहल न्यायची असल्यास पावसाळ्यानंतर न्यावी. तेथील जीवाश्म राष्ट्रीय उद्यान वन विभागाच्या अखत्यारीत असल्याने त्यांना आधी पत्र द्यावे. मुलांना निघण्यापूर्वीच बजावून ठेवावे की जीवाश्म उचलून आणायचा नाही. त्याचा फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवून माप घ्यायचे आणि तो कोणत्या थरात होता ते वहीत लिहायचे. जागेवरून हलवलेला दगड आपला थर सांगू शकत नाही. वहीत मराठी, हिंदी, उर्दू असे तीन रकाने पाडून प्रत्येक नव्या शब्दाची नोंद करायला सांगावे. परतल्यावर त्या रकान्यांवरूनच पहिला तास घेता येतो.